चिखल कोणाच्या अखत्यारीत येतो, मंत्रिमहोदय?

मा. पर्यावरणमंत्री यांस,
सादर प्रणाम.

गेल्या २६ जुलैला, जागतिक खारफुटी दिनी, आपण आमच्या खाडीवर आला होतात. भाषण संपल्यावर ज्या म्हाताऱ्याने आपल्या हातात खाडीतल्या चिखलाची काचेची बरणी दिली, तो मीच. आपण झाकण उघडलंत, वास आला, लगेच लावलंत आणि माईकवर म्हणालात, "चिखल तपासल्याशिवाय एकही रोप लावणार नाही." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या, त्याची आता लाज वाटते.

परवा सकाळी जाऊन पाहिलं. भरतीचं पाणी जिथून आत शिरायचं ते तोंड मुरूम टाकून बुजवलंय. भरावावर दोरी धरून रांगेत रोपं लावलीत. शेजारी आपला फोटो असलेला फलक. पहिल्या चार रांगा मी मोजल्या: एकशे बारा रोपं, त्यातली हिरवी नऊ. फलक मात्र टवटवीत आहे.

मधल्या काळात मी चार अर्ज केले. तिसऱ्याला उत्तर आलं: "चिखल हा विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही." मग कोणाच्या येतो ते मीच सांगतो. जिवाणूंच्या.

छत्तीस वर्षं मी जीवशास्त्र शिकवलं, त्यामुळे थोडं ऐकून घ्या. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा होता. भरतीबरोबर सल्फेट येतं. प्राणवायू नसलेल्या चिखलात जिवाणू त्याच्यावर श्वास घेतात, पडलेली पानं पचवतात आणि हा वायू सोडतात. तो लोहाला धरतो, म्हणून चिखल काळा. माझी चांदीची अंगठी एका दुपारीत काळी पडली, त्यावरून घरात अजून ऐकतो. पण त्याच चिखलात खेकड्याचं बीळ जपून उभं कापा. आतल्या भिंतीला विटकरी कडा दिसेल. तिथे हवा पोहोचते, लोह गंजतं, जिवाणूंची वस्तीच बदलते. बोटभर अंतरात दोन मुलुख. कोणी हवेतला नत्र बांधून मुळांना देतं, कोणी अडकलेला स्फुरद सोडवून देतं. तिवर, म्हणजे खारफुटीचं झाड, या जिवाणूंच्या जिवावर उभं आहे.

"दिसत नाही ते मोजायचं कसं?" असं आपले एक साहेब मला म्हणाले. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावरच्या खारफुटीत, पाण्यात बुडालेल्या कुजक्या पानांवर सेंटिमीटरभर लांबीचा जिवाणू सापडला, २०२२ साली जगजाहीर झाला. थायोमार्गारिटा मॅग्निफिका. नुसत्या डोळ्यांनी दिसतो. कार्यालयातूनही दिसेल, फक्त खिडकी उघडावी लागेल.

आणि आपण ज्या कार्बनचे गोडवे गायलात, तो कुठे असतो? इंडो-पॅसिफिकमधल्या २५ खारफुटी वनांचा २०११ चा अभ्यास आहे. हेक्टरी सरासरी हजार टनांहून थोडा जास्त कार्बन, आणि त्यातला निम्म्यापासून ९८ टक्क्यांपर्यंत मातीत. झाडांत नव्हे. तिजोरी पुरून टाकलीत आणि वर कुंड्या मांडल्यात.

पाणी तोडलं की हा चिखल सुकतो. आतल्या गंधकाच्या संयुगांना हवा लागते आणि जिवाणूच त्यांचं गंधकाम्ल करतात. भरावाच्या कडेला मी निळा लिटमस लावला, बघता बघता लाल झाला. त्यात रोप कसं जगेल? फिलिपिन्सने अनेक वर्षं लाखो रोपं चुकीच्या जागी लावून पाहिली, जगली शेकडा दहा-वीस. तिथलं वाचायला परदेश दौरा लागत नाही.

माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. तरी तीनदा आपल्या दालनाबाहेर उभा राहिलो. खुर्च्या होत्या, त्यांवर फायली बसल्या होत्या. एकदा शिपाई म्हणाला, "काका, घरी जा, साहेब वृक्षारोपणाला गेलेत." हसू की रडू कळेना. लावलेलं रोप मोजायला माणूस आहे, फोटो काढायला माणूस आहे, मेलेलं रोप मोजायला कोणी नाही. रस्ता असो, शाळा असो, धरण असो, या राज्यकारभारात उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवशीचा हिशेबच ठेवला जात नाही. पुढच्या वर्षी त्याच मेलेल्या रांगांवर नवी रोपं लागतील, नवा आकडा छापला जाईल आणि बेरीज वाढतच राहील. आम्ही मुलांना असं गणित शिकवलं असतं तर आमची वेतनवाढ रोखली असती.

मागणं एवढंच: भराव काढा, तोंड मोकळं करा. रोपं तुमच्याकडेच ठेवा. पाणी आलं की तिवराचं बी वाहत येतं, आपणहून रुजतं.

आणि ती बरणी परत पाठवा. शाळेची आहे. डेडस्टॉक रजिस्टरला अजून माझ्या नावावर आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक