एकाच नावाची भलतीच मालिका पाठवून परतावा नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘नॉर्थ अँड साउथ’ (बीबीसी, २००४) या मालिकेच्या डीव्हीडी संचाऐवजी त्याच नावाची दुसरी मालिका पाठवल्याबद्दल आणि परतावा नाकारल्याबद्दल

महोदय/महोदया,

आपल्या संकेतस्थळावरून मी ‘नॉर्थ अँड साउथ’ या ब्रिटिश मालिकेचा डीव्हीडी संच मागवला होता. विक्रीच्या पानावर तिचे मुख्य कलाकार रिचर्ड आर्मिटेज आणि डॅनिएला डेन्बी-अ‍ॅश यांचे छायाचित्र होते, एलिझाबेथ गॅस्केल यांच्या कादंबरीवरून बीबीसीने केलेली चार भागांची मालिका असे स्पष्ट वर्णन होते आणि त्याखाली ग्राहकांचे भरभरून लिहिलेले अभिप्राय होते. घरी आलेल्या काळ्या डबीवर मात्र केवळ मालिकेचे नाव छापलेले होते (अधिकृत प्रत अशी असते का, हा प्रश्न वेगळाच) आणि तबकडी लावल्यावर पडद्यावर दिसू लागली ती अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या पार्श्वभूमीवरची, जॉन जेक्स यांच्या कादंबरीवरून १९८५ साली केलेली, पॅट्रिक स्वेझी यांची भूमिका असलेली मालिका. बदलून मागितल्यावर पुन्हा तोच संच आला. अखेर पैसे परत मागितले, तेव्हा आपल्या प्रतिनिधींनी लेखी कळवले की मालिकेचे नाव मागणीप्रमाणेच आहे, दोन्ही मालिका ‘जुन्या काळातल्या प्रेमकथा’च आहेत आणि वेष्टन उघडलेले असल्यामुळे माल परत घेता येणार नाही.

वेष्टन उघडल्याशिवाय आत काय आहे हे कळण्याची सोयच आपण ठेवली नव्हती, त्यामुळे त्या कारणाला अर्थ उरत नाही. माझी खरी हरकत आहे ती दोन्ही प्रेमकथाच आहेत या उत्तराला. अमेरिकन मालिका तिच्या जागी चांगली असेल, तिचेही चाहते आहेत आणि त्यांच्याशी माझा काहीच वाद नाही. परंतु साउथ कॅरोलिनातील मळेवाल्याचा मुलगा आणि पेनसिल्व्हेनियातील लोखंड कारखानदाराचा मुलगा यांच्या मैत्रीची गोष्ट पाठवून, इंग्लंडमधल्या एका कापड गिरणीच्या मालकाची आणि धर्मोपदेशकाच्या मुलीची गोष्ट मागणाऱ्या ग्राहकाचे समाधान व्हावे अशी अपेक्षा आपण कशाच्या आधारावर करता, हे मला समजलेले नाही.

मी मागवलेली मालिका नोव्हेंबर २००४ मध्ये बीबीसी वनवर दाखवली गेली. सँडी वेल्च यांनी पटकथा लिहिली आणि ब्रायन पर्सिव्हल यांनी दिग्दर्शन केले. मूळ कादंबरी १८५४-५५ मध्ये चार्ल्स डिकन्स संपादक असलेल्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. तिच्यातले मिल्टन हे शहर काल्पनिक असले, तरी ते बेतलेले आहे लेखिका जिथे राहत होत्या त्या मँचेस्टरवर. दक्षिणेकडच्या हिरव्यागार खेड्यातून या धुरकट शहरात आलेली मार्गारेट हेल आणि गिरणीमालक जॉन थॉर्नटन यांचे प्रेम कुठे बागेत किंवा नृत्याच्या दालनात जुळत नाही. मजुरी, संप, मालकाचे अधिकार आणि मजुरांची भूक यांवर ते दोघे सतत भांडतात, तिच्या वडिलांकडे शिकायला आलेल्या त्याला ती कपबशी देते तेव्हा क्षणभर बोटे लागतात, आणि पुढच्याच वाक्याला वाद पुन्हा सुरू होतो. मजूर फाटकावर चालून येतात तेव्हा मार्गारेट त्याच्या आणि जमावाच्या मध्ये उभी राहते, दगड तिला लागतो, दुसऱ्या दिवशी तो लग्नाची मागणी घालतो आणि ती नकार देते. संप आणि प्रेम एकमेकांपासून सोडवता येत नाहीत, हेच या मालिकेचे बळ आहे. कोणतीही एक प्रेमकथा दुसरीच्या जागी चालेल असे मानणाऱ्याने निदान पहिला भाग तरी पाहायला हवा होता.

चाहते ही मालिका पुन्हा पुन्हा का पाहतात, हे मी इथे थोडे सविस्तर लिहिते, कारण आपण माल विकलात तो याच प्रेमाच्या भरवशावर. मार्गारेट प्रथमच गिरणीचे दार उघडते, तेव्हा आत मागांच्या ओळी धडधडत असतात आणि हवेत कापसाचे तंतू हिमासारखे तरंगत असतात. हे चित्रीकरण लँकेशायरमध्ये बर्नलीच्या क्वीन स्ट्रीट मिलमध्ये, वाफेवर चालणाऱ्या खऱ्या गिरणीत झालेले आहे आणि त्याचा खरेपणा पडद्यावर जाणवतो. त्या शुभ्र दृश्यात थॉर्नटन प्रथम दिसतो तो एका मजुराला मारताना, कारण तो मजूर कापसाने भरलेल्या खात्यात पाइप ओढत होता. हा प्रसंग कादंबरीत नाही, आणि नायकाची ओळख अशी करून दिल्याबद्दल वाचकांमध्ये आजही दोन तट आहेत. माझ्या मते पटकथालेखिकेने योग्य केले. पुढे बर्फ पडत असताना मार्गारेट मिल्टन सोडून जाते, गाडी फाटकाबाहेर पडते आणि तो पायरीवर उभा राहून, तिने एकदा तरी मागे वळून पाहावे, असे स्वतःशीच पुटपुटतो. ती पाहत नाही. थॉर्नटन साकारणाऱ्या आर्मिटेज यांनी पुढे कितीही मोठ्या चित्रपटांत भूमिका केल्या असल्या, तरी चाहत्यांसाठी ते तिथेच, त्या पायरीवर उभे आहेत.

शेवटही तसाच. कादंबरीत मार्गारेट लंडनच्या एका घरात बसून, बुडालेल्या गिरणीसाठी आपले १८,०५७ पौंड कर्जाऊ देण्याचा प्रस्ताव व्याजाच्या दरासह मांडते. मालिकेत हे बोलणे रेल्वे स्थानकावर होते, थॉर्नटन गळ्यातला रुमाल न बांधता मोकळ्या कॉलरने येतो आणि दोघे फलाटावर चारचौघांत चुंबन घेतात. व्हिक्टोरियन काळात हे अशक्य होते असे म्हणणारे जाणकार बरोबरच आहेत, आणि तरीही ते दृश्य गाळावे असे म्हणणारा चाहता मला अजून भेटलेला नाही.

माझ्यापुरते सांगायचे तर या संचाची गरज घरातही होती. माझे वडील परळच्या एका गिरणीत कार्डिंग (कापूस पिंजण्याच्या) खात्यात होते आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर पुन्हा कामावर गेले नाहीत. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या बहिणीच्या संचावर आम्ही ही मालिका त्यांना दाखवली होती, आणि संवाद मी मराठीत सांगत होते. गिरणीच्या दृश्यात त्यांनी मला थांबवले आणि आपल्या भुवयांवर बोट ठेवून म्हणाले, “पाळी सुटली की हे असं पांढरं व्हायचं, इथं आणि कानांच्या पाळ्यांवर.” बेसी हिगिन्स ही तरुण मजूर मुलगी फुप्फुसांत कापूस गेल्याने खोकून खोकून मरते, ते त्यांनी न बोलता पाहिले. थॉर्नटनबद्दल त्यांचे मत असे की, मजुरांसाठी भोजनगृह काढतो म्हणून माणूस बरा, पण मजुरी वाढवायची वेळ आली की आमच्या शेटजींच्याच भाषेत बोलतो. बहीण संच घेऊन परत गेली आणि वडिलांनी तो पुन्हा पाहायची इच्छा व्यक्त केली, म्हणून ही खरेदी. त्यांच्यासमोर वेस्ट पॉइंटच्या लष्करी शाळेतले कॅडेट अवतरले, तेव्हा त्यांनी गिरणी कधी येणार असे विचारले.

आपल्या पानावरील अभिप्रायांची आता नीट तपासणी केली असता आणखी एक गोष्ट आढळली. दोन्ही मालिकांचे अभिप्राय एकत्र कालवलेले आहेत. एक ग्राहक घोडदळ आणि तोफांची स्तुती करतो, त्याखालीच दुसरी ग्राहक थॉर्नटनच्या आईची भूमिका करणाऱ्या शिनेड क्युसॅक यांच्याबद्दल लिहिते, आणि सर्वांचे गुण एकाच सरासरीत धरलेले आहेत. छायाचित्र एका मालिकेचे, माल दुसरीचा आणि शिफारस दोन्हींची, असा हा व्यवहार आहे. अनवधानाने झाला असेल तर दुरुस्त करावा. मी लक्षात आणून दिल्यानंतरही पान आजवर तसेच आहे, हे मात्र अनवधान म्हणता येणार नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारा माल परत घेण्यास किंवा त्याचे पैसे परत देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. त्याच नियमांनुसार तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. माझ्या आधीच्या तक्रारीची पोच मला मिळालेली नाही.

तरी माझी मागणी अशी आहे की, मी भरलेली पूर्ण रक्कम पाठवणी खर्चासह मला परत करावी आणि चुकीचा संच आपल्या खर्चाने घेऊन जावा. बीबीसीच्या मालिकेचा अधिकृत, भारतातील प्लेअरवर चालणारा संच आपल्याकडे खरोखरच असेल तर रकमेऐवजी तो स्वीकारण्यास मी तयार आहे, मात्र पाठवण्यापूर्वी तबकड्यांवरील छापील मजकुराचे छायाचित्र मला दाखवावे. विक्रीचे पान दुरुस्त करून दोन मालिकांचे अभिप्राय वेगळे करावेत, आणि तोवर ते पान बंद ठेवावे. मुदतीत उत्तर न आल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

देयकाची प्रत, विक्रीच्या पानाची आणि आपल्या लेखी उत्तराची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. माझे नाव, पत्ता आणि मागणी क्रमांक देयकावर आहेत.

कळावे,
आपली ग्राहक