अ‍ॅम्प्लिफायर भंगारात टाकण्याआधी

महोदय,

गाडीच्या अ‍ॅम्प्लिफायरवर लाल 'प्रोटेक्ट' दिवा (बिघाड ओळखून अ‍ॅम्प्लिफायर स्वतःला बंद करतो, त्याची खूण) लागला की, 'बोर्ड गेला, नवीन घ्या' असे सर्रास सांगितले जाते. सांगलीत हेच काम करणारा कारागीर म्हणून मला याची चीड येते. आधी स्पीकरच्या वायरी काढून पाहा. दिवा विझला, तर दोष स्पीकरमध्ये किंवा पत्र्याला घासलेल्या वायरीत असतो. नाही विझला, तर मल्टिमीटर लावून पॉवर, रिमोट (स्टिरिओकडून अ‍ॅम्प्लिफायर चालू करणारी वायर) आणि अर्थिंग तपासा. डिकीतला रंग न खरवडता कसलेला अर्थिंगचा बोल्ट हे फार जुने दुखणे आहे.

हे सगळे ठीक असेल तरच पेटी उघडावी. गाडीच्या बॅटरीचे बारा व्होल्ट वाढवून देणाऱ्या पॉवर सप्लायमधले मॉसफेट (विजेची वेगाने उघडझाप करणारे ट्रान्झिस्टर) बहुधा शॉर्ट झालेले सापडतात. एकच बदलून भागत नाही. त्या ओळीतले सगळे, त्यांच्या गेटच्या (मॉसफेटला चालू-बंद करणाऱ्या पायाच्या) रेझिस्टरसह बदलावेत. पहिल्यांदा चालू करताना कमी अँपिअरचा फ्यूज लावावा. फ्यूजच्या जागी तार गुंडाळणे म्हणजे गाडीला आग लावण्याची तयारी आहे, हे गाडीमालकांनीही ध्यानात घ्यावे.

खरी अडचण सर्किटच्या नकाशांची आणि अस्सल सुट्या भागांची आहे. केंद्राने डिसेंबर 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर' (दुरुस्तीचा हक्क) पोर्टल सुरू केले, जिथे कंपन्या दुरुस्तीची माहिती देतात; त्यात वाहन क्षेत्रही आहे. अ‍ॅम्प्लिफायर बनवणाऱ्यांनीही आपले नकाशे तिथे खुले करावेत आणि ग्राहक संघटनांनी त्यासाठी पाठपुरावा करावा, ही विनंती.

– एक ऑडिओ कारागीर, सांगली