टायटॅनियम जागेवर बसले, तरच पेरॉक्साइड कामाचे

महोदय,

हायड्रोजन पेरॉक्साइडने ऑक्सिडीकरण केले की मागे पाणीच उरते, हे खरे. पण सारी मदार उत्प्रेरकावर. इथे वापरतात त्या टीएस-१ या सच्छिद्र टायटॅनियम-सिलिका उत्प्रेरकाची छिद्रे जेमतेम ०.५५ नॅनोमीटरची. प्रोपिलीन, फिनॉल आत शिरतात. मोठे रेणू दारातच अडतात.

खरी गोम बनवण्यात आहे: टायटॅनियमचे अणू सिलिकाच्या जाळीत सुटे-सुटे बसायला हवेत. टायटॅनियमचे अल्कॉक्साइड (अल्कोहोलपासून बनलेले संयुग, हाच कच्चा माल) पाण्याशी सिलिकॉनच्या अल्कॉक्साइडपेक्षा फार लवकर अभिक्रिया करते, म्हणून ते थंड मिश्रणात थेंबथेंब सोडावे. घाई केली की अनाटेज, म्हणजे टायटॅनियम ऑक्साइडचे स्फटिक, वेगळे पडते आणि पेरॉक्साइड फुकट फोडत बसते. कच्च्या मालातले सोडियम-पोटॅशियमही घातकच. टायटॅनियम जाळीत बसले का, हे पाहायला अतिनील वर्णपटात २१० नॅनोमीटरजवळ शोषणाचा पट्टा हवा. ३३० जवळ उंचवटा दिसला, तर अनाटेज पडले, बॅच बिघडली. वापरात कार्बनी गाळाने छिद्रे बुजली असतील, तर मात्र हवेत साधारण ५५० अंश सेल्सिअसला भाजून तोच उत्प्रेरक पुन्हा वापरता येतो.

– एक वाचक, पुणे