एक जुनी गाडी भंगारातून वाचवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुलाकडे मुंबईला गेलो होतो, तेव्हा अणिक डेपोतले बेस्टचे संग्रहालय पाहून आलो. ट्रामच्या प्रतिकृती, जुनी तिकिटे, तिकीट देण्याची यंत्रे, सगळे मांडून ठेवले आहे. १९६४ च्या मार्चअखेरीस मुंबईची शेवटची ट्राम धावली, पण आजची पोरेसुद्धा तिच्यापुढे उभी राहून फोटो काढतात. परतीच्या प्रवासात डोक्यात एकच विचार होता, की आपल्या बेळगावात असे काही का नाही? हुबळीत रेल्वेने गदग रोडवर संग्रहालय उभे केले. लाल गाडीने मात्र कुणाचे काय घोडे मारले आहे, कळत नाही.

आपल्या भागातल्या बसची कहाणी मुंबईच्या बसपेक्षा वेगळी आहे. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर मुंबई राज्याची पहिली एसटी सुटली. बेळगाव तेव्हा मुंबई राज्यातच होते. त्यामुळे आपल्याकडचे जुने लोक जिला एसटी म्हणतात ती तीच एसटी. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मागे मुंबई राज्यात राहिला. १९७३ साली म्हैसूरचे कर्नाटक झाले आणि १९९७ मध्ये आपल्या भागासाठी हुबळीला वायव्य कर्नाटक परिवहन महामंडळ निघाले. माझे काका कंडक्टर होते. एसटीत लागले, म्हैसूर राज्याची नोकरी केली आणि कर्नाटकातून निवृत्त झाले. घर तेच, स्टँड तोच, खानापूरचा रस्ताही तोच. बदलत गेला तो टोपीवरचा बिल्ला. ते गमतीने म्हणायचे, "मी बदली कधी मागितलीच नाही, सरकारच बदलून आलं."

काकांची अॅल्युमिनियमची पेटी आजही आमच्या माळ्यावर आहे. तिच्यात तिकिटांचा ट्रे आणि पंच आहे. रंगीत तिकिटांच्या गड्ड्या, प्रत्येक रकमेचा रंग वेगळा. टप्पा बघून तिकीट फाडायचे, पंच मारायचा आणि टप्पा संपला की वेबिलात, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, आकडे भरायचे, तेही हलत्या गाडीत गुडघ्यावर वही ठेवून. त्या पंचाचा टिकटिक आवाज ऐकला की झोपलेली माणसे खिशात हात घालायची. आता मशीनमधून कागदाची पट्टी निघते आणि चार दिवसांत तिच्यावरची अक्षरे उडून जातात. ही पट्टीसुद्धा आत्ताच जपायला हवी, असे मी म्हणेन. २०२३ पासून कर्नाटकात बायकांना शून्य रुपयाचे तिकीट मिळते, महाराष्ट्रात त्याच वर्षापासून अर्धे. ही दोन तिकिटे एका काचेखाली शेजारी शेजारी ठेवा, सीमाभाग म्हणजे काय ते शाळेतल्या पोरांना वेगळे सांगावे लागणार नाही.

घाई एवढ्यासाठी, की पंधरा वर्षे झालेल्या सरकारी गाड्यांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून रद्द होते आहे. गाड्या लिलावात जातात आणि लिलावातून थेट गॅस कटरखाली. मागे एका डेपोत मी जुन्या पाट्यांची चौकशी केली. "त्या कधीच किलोवर गेल्या," असे उत्तर मिळाले. सांगणाऱ्याचा दोष नाही. ठेवायला सांगितलेच नसेल, तर तो बिचारा काय ठेवणार?

माझी मागणी मोठी नाही. बसस्थानकाच्या आवारात एका शेडखाली एकच गाडी ठेवा. शेड मात्र हवीच, आपल्याकडचा पाऊस उघड्यावरच्या पत्र्याची दोन वर्षांत चाळण करतो. मुलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसू द्या, घंटीची दोरी ओढू द्या. एक घंटी म्हणजे थांब आणि दोन म्हणजे चल, हे ओढल्याशिवाय कळत नाही. निवृत्त फिटर आणि मेकॅनिक गावोगावी बसून आहेत. बोलावले तर ते चहावर येऊन गाडी पुसून जातील, याची मला खात्री आहे.

आणि माहितीच्या पाट्या कन्नडबरोबर मराठीतही लावा. यावर कुणाच्या भुवया उंचावतील, माहीत आहे. पण सीमेवर वाद पेटला की सगळ्यात आधी बंद पडते ती बस, दगड आणि काळे झेलते तीही बस. चार दिवसांनी ती पुन्हा सुरू झाली की सीमेवरच्या शिनोळी गावापलीकडची चंदगडची माणसे बाजाराला बेळगावात उतरतात. कन्नड कंडक्टर "चिल्लर कोड्री" म्हणतो आणि मराठी म्हातारी कनवटीचे सुट्टे काढून देते. ज्या गाडीत दोन्ही भाषा रोज दाटीवाटीने उभ्या राहतात, तिच्या पाटीवर एकीलाच जागा का?

परिवहन अधिकाऱ्यांनी पुढच्या लिलावाच्या यादीतून एक गाडी बाजूला काढावी. जागा ठरल्याचे आपल्या पत्रात छापून आले, की मी काकांची पेटी घेऊन येतो. पंच थोडा गंजला आहे, तेल घातले की चालेल.

आपला,
एक वाचक, शहापूर, बेळगाव