आपल्या माळ्यावरचे फोटो त्यांचेही आहेत

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेलीये, त्यामुळे गेला महिनाभर सगळ्या बिल्डिंगचे माळे रिकामे होतायत आणि खाली पार्किंगमध्ये रद्दीवाल्याचा टेम्पो रोज उभा असतो. मागच्या आठवड्यात त्या ढिगात मला दोन अल्बम दिसले. उघडून बघितलं तर परदेशातले फोटो, कुठल्यातरी कारखान्याच्या गेटसमोर उभी माणसं, एका लाकडी घरापुढे चार बायका आणि त्यांच्यात साडी नेसलेली आपली एक बाई. त्या घरच्या मुलाला विचारलं तर म्हणाला, काकू, त्यातलं आम्हाला कोणीच ओळखू येत नाही, आईबाबांचे तेवढे काढून घेतलेत. मुलाला मी बोल लावत नाही, पण हे पत्र त्यामुळेच लिहितेय.

कारण तसेच पाच अल्बम माझ्याही माळ्यावर होते. माझे मिस्टर साखर कारखान्यात इंजिनियर, मिल हाऊसला. १९८६ च्या नोव्हेंबरात ते थायलंडला एका कारखान्यावर गेले, चार महिन्यांनी मी आणि तीन वर्षांची मुलगी. थायलंड म्हटलं की लोकांना बँकॉक नाहीतर पट्टाया आठवतं. आम्ही होतो तिकडे ईशान्येला, इसान भागात, खोन केन प्रांतातल्या एका खेड्यात. बँकॉकच्या हुआ लाम्फोंग स्टेशनवरून रात्रभर रेल्वे, मग बस, मग उसाच्या ट्रकांनी उखडलेला मातीचा रस्ता. जमीन रेताड, पाऊस बेभरवशाचा, एप्रिलमध्ये बघाल तर करमाळ्याच्या बाजूला आलोय असंच वाटेल. घराघराशेजारी पावसाचं पाणी साठवायला सिमेंटचे मोठाले रांजण, दोन-दोन हजार लिटरचे, त्याला ओंग म्हणायचे. घरं खांबांवर उचललेली, खाली म्हैस, हातमाग आणि दुपारी सगळ्यांची झोप.

भाषेनं सुरुवातीला फार रडवलं. मग हळूहळू कळायला लागलं की कितीतरी शब्द आपल्याच घरचे आहेत, भाषेला फासा, आहाराला आहान, गुरूला ख्रू, आपलं आकाश तिथे आकात होऊन हवेला वापरतात, आणि तेरा एप्रिलचा त्यांचा सोंगक्रान म्हणजे आपला संक्रांत शब्दच. पण गावात घरोघरी बोलायचे ते इसान, लाओ भाषेच्या जवळचं. रस्त्यात कोणी भेटलं की पहिला प्रश्न, किन खाव लेव बो, म्हणजे भात खाल्लास का. संगमनेरला माझी आजी दारात आलेल्या पोस्टमनलासुद्धा जेवलास का रे विचारायची, त्यामुळे हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी त्या बाईसमोर रस्त्यातच रडले होते. भात त्यांचा चिकट, खाव नियाव, बांबूच्या डब्यातून हातानी काढायचा, गोळा करायचा आणि तिखट चटणीत बुडवून खायचा. प्ला रा म्हणून आंबवलेली मासळी असते, आम्ही सुकट खाणारी माणसं तरी तो वास अंगवळणी पडायला एक अख्खा हंगाम गेला.

तर मुद्दा फोटोंचा. त्या वाडीत कॅमेरा एकट्या आमच्याकडे, बँकॉकला घेतलेला यशिका. छत्तीस फोटोंचा रोल महिनाभर पुरवायचा आणि धुवायला शहरात पाठवायचा. लग्न असो, मुलगा भिक्खू व्हायचा असो, नवीन म्हैस आणलेली असो, आम्हाला बोलवणं यायचं. थोड्या कॉप्या वाटल्या पण सगळ्यांच्या काढणं परवडायचं नाही, आणि नंतर देऊ, नंतर देऊ करत १९९१ उजाडलं आणि आम्ही परत आलो. म्हणजे त्या गावाची चारपाच वर्षं माझ्याकडे कोथरूडच्या माळ्यावर पडून होती, तिकडे कोणाकडेच नव्हती. हे मला इतकी वर्षं कधी सुचलंच नाही, आणि याची मला खरंच लाज वाटते.

माझ्या नातीनं एका फोटोमागे शिक्का बघितला, २५३०, आणि विचारलं आजी हे काय. त्यांचं बुद्ध शक आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षं पुढे, म्हणजे हा १९८७ चा. त्यात शेजारची आजी आहे, तिला सगळे याय म्हणायचे, आईची आई. घराखाली चटईवर बसलीये, केस बारीक कापलेले, पुढ्यात पानाचं तबक, मागे मागावर अर्धवट विणलेलं ‘मत मी’ कापड, ते धागे आधी बांधून रंगवून मग विणतात ना, ते रेशीम. मांडीवर माझी मुलगी, तिच्या हातात भाताच्या डब्याचं झाकण. आणि याय मोठ्यानं हसतेय, आयुष्यभर पान खाऊन काळे झालेले दात सगळे दिसतायत.

हा फोटो चिकटपानांच्या अल्बमात होता, ते गोंदाचे पट्टे आणि वर प्लास्टिक. पार पिवळा पडलेला आणि कडेला बुरशी. मी तो इथल्याच एका दुकानात रिपेअरला दिला. चार दिवसांनी जो हातात आला तो बघून मला काय बोलावं कळेना. एआयनी साफ केलाय म्हणाला. यायच्या सुरकुत्या गेल्या, दात पांढरेशुभ्र झाले, केस भरले, मागचा माग नुसता लाकडाचा ठोकळा झाला. फोटो एकदम छान, फक्त ती बाई दुसरीच कोणीतरी. दुकानदार म्हणाला मॅडम, क्लियर झाला ना. नशीब ओरिजिनल परत मिळाला. मग मुलीनं तो घरीच स्कॅनरवर ६०० डीपीआयला स्कॅन केला, जसाच्या तसा, डागांसकट.

माझ्या सासूबाई शनिवार पेठेत राहायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं त्यात त्यांचं सगळं गेलं, पण भांडी, धान्य, दागिने याबद्दल मी त्यांना कधी हळहळताना ऐकलं नाही. त्या एवढंच म्हणायच्या की यांचा एक फोटो राहायला हवा होता. माझे सासरे पुराआधीच वारलेले, त्यांचा चेहरा कसा होता हे माझ्या मिस्टरांनासुद्धा नीट आठवायचं नाही. पुण्यात अशी घरं कमी नाहीत, म्हणून पुण्याच्या माणसाला हे फार समजावून सांगावं लागणार नाही.

या वर्षी जानेवारीत मी चाळीस फोटोंचे प्रिंट काढले आणि त्या गावच्या वाटाच्या, म्हणजे त्यांच्या विहाराच्या पत्त्यावर पोस्टानी पाठवले. पत्ता जुन्या पत्रावर होता, मू म्हणजे वाडीचा नंबर, तांबोन म्हणजे गावांचा गट, आम्फे म्हणजे तालुका, सगळं. कोणाला मिळतील ही आशा नव्हती. दोन महिन्यांनी यायच्या नातीचा मुलीला मेसेज आला, सोबत तिच्या आईनं सांगितलेलं लिहून. याय १९९८ ला गेली. तिकडे अंत्यविधीला शवपेटीपुढे माणसाचा फ्रेम केलेला फोटो ठेवतात, तर यांच्याकडे तिचा फोटोच नव्हता, ओळखपत्रावरचा एवढासा मोठा करून ठेवला होता, त्यात ती घाबरल्यासारखी दिसते. नात म्हणाली, आजी हसायची हे आई नेहमी सांगायची, मी आत्ता बघितलं. सोबत त्यांच्या भिंतीचा फोटो होता, आपली याय तिथे टांगलीये, काळ्या दातांसकट.

निघताना त्यांनी आमचं सू ख्वान केलं होतं, मनगटाला एकेकानं येऊन पांढरा दोरा बांधायचा आणि पुटपुटत आशीर्वाद द्यायचा, तीन दिवस तरी काढायचा नाही. मिस्टरांचा हात कोपरापर्यंत भरलेला आहे फोटोत. मिस्टर तीन वर्षांपूर्वी गेले, आणि कारखान्यातल्या माणसांची नावं त्यांच्याबरोबर गेली, ती आता मला कोण सांगणार. बायकांची नावं मला येतात कारण मी गावात राहायचे आणि ते शिफ्टवर.

म्हणून माझी पुण्यातल्या वाचकांना हात जोडून विनंती आहे, आपल्याकडून साखरवाले, कापडवाले कितीतरी जण तिकडे आणि इतर देशांतल्या खेड्यांत राहून आलेत, तुमचे आईवडील अजून बोलू शकत असतील तर या रविवारी त्यांच्यासमोर अल्बम उघडून बसा आणि प्रत्येक फोटोमागे मऊ पेन्सिलीनं नाव, गाव, साल लिहा. बॉलपेन नको, पुढून उमटतं. चिकटपानावरचा फोटो ओढू नका, दात साफ करायचा दोरा खालून सरकवत सोडवा. स्कॅन जसाच्या तसा ठेवा. आणि त्यातली माणसं ज्या गावची आहेत तिथल्या शाळेला नाहीतर देवळाला एक कॉपी धाडा, पोस्टाचा खर्च फार येत नाही. आपल्या वर्तमानपत्रानं अशा नावं नसलेल्या फोटोंसाठी आठवड्याला थोडी जागा दिली तर बघणाऱ्यांपैकी कोणीतरी नक्की ओळखेल.

माझ्याकडे अजून एकसष्ट फोटो बिननावाचे आहेत. एक शाळेच्या अंगणातला आहे, सकाळी आठला झेंड्याखाली राष्ट्रगीताला उभी बावीस मुलं, दुसऱ्या रांगेत डावीकडून चौथी माझी मुलगी. बाकी एकवीस नावं मी आणि ती रोज रात्री फोनवर बसून लावतोय, काल नऊ झाली.

आपली,
एक जुनी वाचक, कोथरूड, पुणे