केमोनंतर घरी जाणाऱ्याच्या हातात मराठी कार्ड द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केमो देऊन संध्याकाळी घरी पाठवलेल्या माणसाचं पुढची केमो येईपर्यंत घरात काय होतं, यावर फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या आईच्या स्तनाच्या कर्करोगाची केमो गेल्या वर्षी पूर्ण झाली. खर्च महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाला, त्याचे उपकार आम्ही विसरणार नाही. तक्रार आहे ती घरी जाताना हातात पडलेल्या कागदाबद्दल.

तो कागद इंग्रजीत. औषधांपुढे बीडी (दिवसातून दोनदा), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडली तरच). मेडिकलमधला मुलगा पाकिटावर सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून देतो, तेवढाच आधार. पण कोणती गोळी कशासाठी, किती दिवस, जेवणाआधी की नंतर, हे त्या खुणांवरून कळत नाही. उलटी होऊ नये म्हणून दिलेल्या ऑन्डान्सेट्रॉनने आईला शौचाला होईना. सोबतची डेक्सामेथासोन ही स्टेरॉइडची गोळी. आईला मधुमेह आहे. ती गोळी चालू असेपर्यंत साखर तीनशेच्या वर आणि रात्री डोळ्याला डोळा नाही. मधुमेहाचे डॉक्टर म्हणाले कॅन्सरवाल्यांना विचारा, कॅन्सरवाले म्हणाले तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवा. शेवटी ती गोळी सकाळी नाश्त्यानंतर द्यायची आणि तेवढ्या दिवसांपुरता मधुमेहाच्या औषधाचा डोस वाढवायचा, असं डॉक्टरांनीच ठरवून दिलं आणि आईला झोप लागली. हे पहिल्याच दिवशी सांगता आलं असतं.

पहिल्या केमोच्या रात्री आई बाथरूममधून भिंत धरून बाहेर आली. "रक्त जातंय गं," एवढंच बोलली. डॉक्सोरुबिसिन हे औषधच लाल रंगाचं असतं, त्यानंतर दिवस-दोन दिवस लघवी लालसर होते, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. एका ओळीची माहिती. ती नसल्यामुळे आम्ही सगळे रात्रभर जागे.

पण हे सगळं निभावून नेता येतं. तापाचं तसं नाही. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वात कमी झालेल्या असतात. तेव्हा जंतुसंसर्ग झाला तर ताप हीच एकमेव खूण असू शकते. १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप गेला, की रात्र असो वा सणवार, दवाखाना गाठायचा. रक्त तपासून शिरेतून प्रतिजैविक चालू व्हायला हवं, आणि तेही पोचल्यापासून तासाभरात. घरात पॅरासिटामॉल देऊन ताप उतरवला तर खूणच झाकली जाते, माणूस बरा वाटतो आणि आत संसर्ग पसरत राहतो.

हे मला कळलं ते डे-केअरमधल्या एका सिस्टरमुळे. सलाईन काढताना तिने आमच्या फाइलच्या मागच्या बाजूला बॉलपेनने लिहून दिलं होतं : "ताप १००.४ च्या वर = गोळी नको, लगेच निघा." दुसऱ्या केमोनंतर आईला १०१ ताप भरला. गावातले डॉक्टर भले माणूस, आमच्या घरचेच म्हणा. ते म्हणाले, "ताई, सध्या व्हायरलची साथ आहे, एक इंजेक्शन देतो, सकाळपर्यंत उतरेल." मी फाइल उलटी करून त्यांच्यापुढे धरली. त्यांनी वाचलं आणि स्वतः गाडीची सोय करून दिली. कागदावर छापलेला रुग्णालयाचा नंबर वाजून वाजून बंद पडत होता. तिथे पोचल्यावर रक्त तपासलं तर पांढऱ्या पेशी अगदी तळाला गेलेल्या. आईला दाखल करून घेतलं, ती वाचली. त्या सिस्टरची त्या दिवशी सुट्टी असती तर?

त्यानंतरच्या प्रत्येक केमोनंतर पेशी वाढवणारं इंजेक्शन सुरू झालं. ते २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावं लागतं, आणि आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. त्याने कंबरेची हाडं ठणकतात, हेही सोसायला लागल्यावरच कळलं.

केमो संपली की लोक पेढे मागतात. आईच्या पायांच्या मुंग्या मात्र अजून आहेत, त्या पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने येतात. चालताना चप्पल पायातून निसटते आणि तिला पत्ता लागत नाही. ब्लाउजचे हुक मी लावून देते, अंघोळीच्या पाण्यात आधी माझा हात घालते. आता कर्करोग परत येऊ नये म्हणून रोज एक लेट्रोझोलची गोळी आहे, ती निदान पाच वर्षं घ्यायची. तिने सांधे धरतात. आमच्या भागातल्या एका बाईने "केमो झाली, आता कशाला" म्हणून तीच गोळी परस्पर बंद केली होती. सांधे का दुखतात आणि गोळी कशासाठी आहे, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मी सांगितल्यावर ती डॉक्टरांकडे परत गेली.

मी अंगणवाडी सेविका आहे. गरोदर बाईचं नाव नोंदवलं की तिला माता-बाल संरक्षण कार्ड मिळतं. मराठीत, चित्रांसह. अंगावर सूज, रक्तस्राव, झटके, काय दिसलं तर थांबायचं नाही हे त्यात छापलेलं असतं. शाळेत न गेलेली सासूसुद्धा चित्रावर बोट ठेवून मला विचारते. आपल्याच राज्यात, आपल्याच आरोग्य खात्याला हे जमलेलं आहे. मग केमोच्या रुग्णाला असं कार्ड का नाही?

एक घडीचा कागद पुरे. कोणतं औषध मिळालं, पेशी कधी कमी होणार त्या तारखा, गोळ्यांची नावं आणि वेळा, तापाची मर्यादा ठळक अक्षरात, रात्री उचलला जाईल असा नंबर. मागच्या बाजूला गावातल्या डॉक्टरांसाठी चार ओळी : रुग्ण केमोवर आहे, ताप असल्यास काय करावं, कोणतं औषध आम्हाला न विचारता देऊ नये. पाहुणे प्रेमाने गुळवेलीचा काढा घेऊन येतात, तो द्यावा की नाही, याचाही उल्लेख असावा. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात रुग्णांच्या मदतीसाठी नेमलेले आरोग्यमित्र बसलेले असतात. घरी सोडण्याच्या कागदांवर सही घेताना त्यांनीच हे कार्ड वाचून दाखवावं. सार्वजनिक आरोग्य विभागाने मनावर घेतलं तर नवीन पद लागणार नाही की नवी इमारत.

तोवर आपण तापाची ती ओळ आणि त्यामागचं कारण आपल्या आरोग्याच्या पानावर चौकटीत छापावं, ही विनंती. आमच्या अंगणवाडीच्या भिंतीवर मी ते कात्रण लावीन.

आपली,
एक अंगणवाडी सेविका
ता. खानापूर, जि. सांगली