सुमे, ते झाकण

गुहागर, आषाढातली रात्र

प्रिय सुमे,

तीन महिने तुझ्या मेसेजला नुसते अंगठे पाठवतेय, रागावली असशील. रागाव, पण आधी हे वाच, कारण घरात कोणाला सांगितलं तर म्हणतील कस्टर्डवरून कसलं डोळ्यात पाणी आणतेस. माझा गुडघा आहे तसाच, ह्यांची शुगर बरी. झालं.

गेल्या रविवारी मामंजींचं सहस्रचंद्रदर्शन झालं. ८० पानं धरली होती. आदल्या रात्री परशुराम घाटात दरड आली, मुंबईची सगळी मंडळी खेडलाच अडकली आणि पंगतीला जेमतेम ४५. भात, आमटी, अळवड्या वाटता येतात गो, पण कस्टर्ड मी आठ लिटर दुधाचं धरलं होतं. निम्मं फळं घालून पंगतीत संपलं, आणि मुंबईकर उशिरा येणार म्हणून दुसरं चार लिटरचं पातेलं नुकतंच चुलीवरून उतरवलेलं, तेवढ्यात त्यांचा फोन आला की मागे फिरतोय. मी सवयीने झाकण उचललं आणि हात तिथेच थांबला. झाकणाच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब धरले होते, एकेक थेंब ओघळून सायीवर पडत होता, आणि मला तुझ्या आईचं माजघर दिसलं.

१९८८, दहावीचा निरोप समारंभ. तुला काय सांगायचं त्याबद्दल. दहा लिटर, काकूचा मोठा टोप, आणि काकूची ती शंका की ह्यात अंडं असणार, बाई येऊन शपथेवर सांगून गेल्या तेव्हा कुठे चूल पेटवून दिली तिने. परवा लेकाने वाचून दाखवलं, बर्मिंगहॅमच्या अल्फ्रेड बर्डने १८३७ साली ही कस्टर्ड पावडर काढली तीच मुळी बायकोला अंडं सोसत नसे म्हणून, अंड्याऐवजी मक्याचं पीठ. तेव्हा हे ठाऊक असतं तर अर्धा तास वाचला असता आणि तू बाईंसमोर "माझी आई ऐकत नाही" म्हणून चापट खाल्ली नसतीस.

सकाळी तो टोप उघडला तेव्हाचा आंबूस वास मला अजून येतो. वर बुडबुडे, खाली सगळं पातळ. काकू एक शब्द बोलली नाही, टोप उचलून मागल्या दारी गेली आणि माडाच्या आळ्यात ओतलं, आणि पदराने डोळे पुसले. दहा लिटर दूध, सुमे, त्या काळात. आणि सगळे तुला बोलले, कारण शेवटी माजघरातून तू बाहेर पडली होतीस. आपण पुढे वर्षभर त्यावरून भांडलो, मी प्रत्येक वेळी म्हटलं की मला आठवत नाही.

मला आठवतं. झाकण मी ठेवलं होतं. आढ्यावर पाल होती, ती टोपात पडेल म्हणून मी परत आत गेले, गरम टोपावर घट्ट झाकण ठेवलं, वर गोणपाटही टाकलं. तू तेव्हा विहिरीवर पाय धूत होतीस. सोळा वर्षांची होते, घाबरले, आणि मग सांगायची वेळ निघून गेली. काकूला तर सांगायचंच राहिलं.

म्हणून रविवारी मी ते झाकण खाली ठेवलं आणि पाहुणे ओटीवर बसलेले असताना पातेल्याचं कस्टर्ड चार पसरट ताटल्यांत ओतलं, त्या थंड पाण्याच्या परातीत ठेवल्या, वरून पातळ मलमलचं फडकं (पालीसाठी, हो!). आत्ता कळतं काय झालं होतं ते. दुधा-पिठात काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत, आणि झाकलेला मोठा टोप मध्यभागी रात्रभर कोमट राहतो, त्यांना तेच हवं असतं. दोन तासांच्या आत थंड करून फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, एवढंच होतं ते सगळं. फ्रीजमध्ये ठेवताना कस्टर्डच्या अंगालाच चिकटेल असं प्लास्टिक दाबून लावलं म्हणजे वर जाड साय धरत नाही. फळं ह्यात एकही घातलं नाही, केळं काळं पडतं, सफरचंद पाणी सोडतं आणि कच्चा अननस तर दुधाला कडू करतो. नुसतं साधं तीन-चार दिवस टिकतं, फळं वाढताना घालायची.

एक लिटर त्याच दुपारी वाडीत वाटलं. एक डबा फ्रीझरमध्ये टाकला, उरलेलं खाली. सोमवारी रात्री तो डबा वितळायला खालच्या कप्प्यात ठेवला, मंगळवारी सकाळी उघडला तर काय, वर रवाळ गोळा आणि खाली वाटीभर पाणी, नासलेल्या दुधासारखं. माझे हातपाय गळले. वाटलं परत तेच, परत माडाचं आळं. पण वास घेतला तर गोड. नासलं नव्हतं ते. गोठताना पाण्याचा बर्फ होतो, मक्याच्या पिठाचे धागे एकमेकांना घट्ट चिकटतात, आणि वितळल्यावर ते पाणी परत धरून ठेवू शकत नाहीत, पिळलेल्या स्पंजसारखं. चमचाभर कॉर्नफ्लॉवर थंड दुधात कालवून घातलं, मंद आचेवर रवीने घोटत एक उकळी आणली, आणि आलं की गो जुळून! पहिल्यासारखं रेशमी नाही, पण मामंजींनी दोन वाट्या खाल्ल्या.

मग खालचं सगळं बाहेर काढलं, मे महिन्यात आटवून ठेवलेला हापूसचा रस आणि दूधपावडर घालून मिक्सरला फिरवलं आणि कुल्फीच्या साच्यांत ओतलं. गोठलेलंच खायचं असेल तर पाणी सुटायचा प्रश्नच येत नाही, हे आधी सुचायला हवं होतं. नेमकी त्याच रात्री लाईट गेली. आपल्याकडे पावसात ती जाणारच. बंद फ्रीज चारेक तास थंडी धरतो, पण दार उघडलं की संपलं, म्हणून मी कंदील घेऊन फ्रीजसमोर पाट टाकून बसले, नातवंडं तीनदा आली, एकदाही उघडू दिलं नाही. तीन तासांनी लाईट आली तेव्हा साचा हलवून बघितला, घट्ट होता. तिथे बसल्या बसल्याच ठरवलं की तुला लिहायचं.

तुझ्या बिल्डिंगचं रीडेव्हलपमेंट कुठवर आलं? धाकटीला नोकरी लागली म्हणे, तिला माझा आशीर्वाद सांग. भाऊजींच्या कमरेला निर्गुडीचा पाला पाठवते.

अठरा कांड्या झाल्या होत्या, चौदा मुलांनी फस्त केल्या. चार तुझ्या नावाने स्टीलच्या डब्यात मागे ठेवल्यात, महिना दीड महिना चव नीट राहील, पुढे बर्फाळ लागेल. गणपतीआधी ये. चिपळूणला उतर, तिथून एसटी आहेच, मी स्टँडवर येईन. आणि झाकणाबद्दल जे काय बोलायचं असेल ते फोनवर नको, इथे पडवीत बसून तोंडावर बोल.

तुझी,
बेबी